पाण्याची बाटली भरलेलीच का परत येते?

पत्र : आमचा मुलगा बारा वर्षांचा आहे. प्राथमिक शाळेत कायम पहिल्या तिघांत असायचा. यंदा माध्यमिक शाळेत गेला आणि पहिल्याच चाचणीत नव्वद टक्क्यांवरून बासष्टवर आला. त्याच्या बाबांनी लगेच इंजिनिअरिंगच्या फाउंडेशन क्लासला घातलं. पहाटे साडेपाचला उठतो, रात्री साडेअकरापर्यंत बसतो, एकेक धडा तीनतीनदा वाचतो, तरी फरक नाही. त्यात शाळेला निघताना पोट दुखतं म्हणून नाटकं. हलगर्जी इतका, की पाण्याची बाटली भरलेलीच परत आणतो आणि घरी आला की दप्तर टाकून आधी बाथरूमकडे पळतो. त्याच्यात इंजिनिअर होण्याची कुवत आहे का, हे आत्ताच कळेल अशी कलचाचणी सुचवा. – एक आई

उत्तर : ताई, कलचाचणी मी सुचवणार नाही. तुमच्या पत्रातलं बासष्ट टक्क्यांचं वाक्य मी एकदा वाचलं, बाटलीचं वाक्य मात्र चार वेळा वाचलं.

मुलगा दिवसभर पाणी पीत नाही आणि घरी येताच बाथरूमकडे धावतो. याला हलगर्जीपणा म्हणू नका. शाळेत बाथरूमला जावं लागू नये म्हणून तो तहान मारत असावा, अशी मला दाट शंका आहे. तिथं मोठी मुलं अडवत असतील, कड्या तुटलेल्या असतील, तासाला हात वर केला की शिक्षक ओरडत असतील, किंवा मधल्या सुट्टीत एकट्यानं तिकडे जायचीच भीती वाटत असेल. नेमकं काय, ते मला इथे बसून कळणार नाही. पण कालपरवापर्यंत जो शाळेतला सगळ्यात मोठा मुलगा होता, तो आज नव्या शाळेत सगळ्यात लहान आहे, एवढं ध्यानात घ्या.

आणि पोटदुखीला नाटक म्हणणं आजपासून बंद करा. ताण पोटात उतरतो. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी एकमेकांशी जोडलेली असतात, त्यामुळे भीतीनं दुखणारं पोट खरोखरच दुखतं. शिवाय पाणी कमी पिणं आणि लघवी रोखून धरणं यानं बद्धकोष्ठता होते, लघवीच्या जागी संसर्गही होऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. सुट्टीच्या दिवशी सकाळी पोट दुखतं का, हेही पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

त्याला समोर बसवून जाब विचारू नका. या वयाची मुलं शेजारून चालताना किंवा दिवा मालवल्यावर जास्त बोलतात. 'कुणी त्रास देतं का?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येतं. त्याऐवजी 'नव्या शाळेतली बाथरूम कशी आहेत रे?', 'मधल्या सुट्टीत कुठे बसतोस?' असं विचारा. त्यानं काही सांगितलं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तुला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणार नाही' एवढंच म्हणा आणि ते पाळा. मग वर्गशिक्षकांना भेटा. त्या भेटीत मार्कांचा विषय काढू नका. तो कुणाजवळ बसतो, सुट्टीत कुणाबरोबर असतो, तासाला बाहेर जायची परवानगी मिळते का, एवढंच विचारा. तोवर त्याला दिवसच्या दिवस घरी ठेवू नका, कारण जितकी शाळा चुकते तितकं परत जाणं अवघड होतं.

आता मार्कांबद्दल. मार्क उतरले म्हणजे कुवत संपली, आधीची हुशारी खोटी होती, हा समज मला पालकांच्या पत्रांत सारखा भेटतो आणि तो साफ चुकीचा आहे. शाळेचा टप्पा बदलला की बऱ्याच मुलांचे मार्क काही काळ खाली येतात. आधी एकच बाई बहुतेक विषय शिकवायच्या, मूल ओळखायच्या, वही राहिली तर आठवण करायच्या. आता दर तासाला नवा शिक्षक, प्रत्येकाची वहीची शिस्त वेगळी, आणि काय कधी द्यायचं हे मुलानंच लक्षात ठेवायचं. अशी आखणी करणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. प्रश्नही बदलतात: नुसतं आठवून लिहिण्याऐवजी समजलेलं वापरून दाखवावं लागतं. तिथं तीनदा वाचणं तोकडं पडतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानं घेतली, तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. त्याला एकदा वाचू द्या, मग पुस्तक बंद करून आठवेल ते लिहू द्या. रात्री दप्तर त्यानंच भरावं. सुरुवातीचे काही दिवस तुम्ही नुसतं शेजारी बसा.

बाबांसाठी स्पष्ट लिहिते. फाउंडेशन क्लास या वर्षी बंद करा. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा शालेय शिक्षणाच्या शेवटी येतात, त्यांना वेळ आहे. मुलगा सहा तास झोपतोय. बाराव्या वर्षी किमान नऊ तास झोप लागते. झोप कापून मिळवलेला अभ्यास डोक्यात टिकत नाही, कारण शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. मार्क घसरल्याबरोबर क्लास लावला, तेव्हा त्याला काय कळलं असेल? की घरात सगळ्यांना टक्के दिसले आणि त्याचं पोट कुणालाच दिसलं नाही. हे वाचून राग आला तरी चालेल, पण क्लास बंद करा.

तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. दुसऱ्या चाचणीचे मार्क नाही कळवलेत तरी चालेल. बाटली रिकामी येते का, ते आधी कळवा.