विद्यार्थ्यांनी आपले प्रोग्रामिंग प्रोजेक्ट ऑनलाइन शेअर करून खरंच काय फायदा होतो?

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे दुसरं कोणीतरी तो वापरून बघतं आणि आपल्याला सुचलंही नसतं असं काहीतरी दाबून बंद पाडतं, मग ती चूक शोधताना जे शिकायला मिळतं ना ते एकट्याने कोड लिहून मिळत नाही. स्क्रॅचवर (ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायची मुलांची वेबसाइट, एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार झालेली, २००७ पासून आहे) तर कोणाचाही शेअर केलेला प्रोजेक्ट उघडून आतले ब्लॉक बघता येतात, रीमिक्स करता येतो (म्हणजे त्यात बदल करून आपला नवा बनवता येतो) आणि मूळ करणाऱ्याचं नावही तिथे दिसतं, मला हे फार आवडतं, श्रेय द्यायची सवय लहानपणीच लागते. मोठ्या मुलांसाठी गिटहब (कोड ठेवायची आणि शेअर करायची वेबसाइट) आहेच. लिनस टॉरवाल्ड्सनेपण १९९१ मध्ये विद्यार्थी असतानाच लिनक्स (कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) अर्धवट अवस्थेत लोकांसमोर ठेवलं होतं, त्यामुळे सगळं परफेक्ट व्हायची वाट बघू नका. फक्त कोडमध्ये पासवर्ड किंवा फोन नंबर राहिला नाही ना ते आधी नीट बघा.