मोबाइलवरच्या उभ्या मालिकांमधल्या ऑफिसातल्या प्रेमकथा बायकांना इतक्या का आवडतात?

प्रश्न नीट वाचला. वहिनी, म्हणजे तुमच्या पत्नी, पतसंस्थेत नोकरीला आहेत, रात्री जेवणं-भांडी आटोपली की तासभर मोबाइलवर, फोन उभा धरून बघायच्या मालिकांचे मिनिट-दोन मिनिटांचे भाग बघत पडतात, दर वेळी तोच कंपनीचा मालक आणि तीच त्याची असिस्टंट. यात एवढं काय आहे, आणि त्यांना घरात काही कमी पडतंय का, असं तुम्ही विचारलंय. शेवटचा प्रश्न काळजीने विचारलाय हे कळतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मीही या मालिका बघते. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रोने अंधेरी, संध्याकाळी तेच उलट. नोकरी अकाउंट्समध्ये, वीस वर्षं होत आली. एका हातात वरचं हँडल आणि दुसऱ्या हातात फोन असताना फोन उभाच धरावा लागतो. आमच्या लेडीज डब्यात सकाळी चार-पाच जणी तरी हेच बघत असतात आणि बहुतेक जणी नोकरीवर निघालेल्या असतात. ऑफिसला जाता जाता ऑफिसचीच गोष्ट बघायची, हे मला सुरुवातीला विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही.

वहिनींच्या खांद्यावरून तुम्ही कधी पहिला भाग बघितला असेल, तर आठवून बघा. तो प्रेमाने सुरू होत नाही, अपमानाने होतो. नवीन नोकरीवर आलेल्या मुलीला सगळ्या ऑफिससमोर कोणीतरी तिची लायकी काढतं, कागद अंगावर फेकतं, कॉफी सांडते. ती खाली वाकून कागद गोळा करते. दारात सुटातला एक माणूस थांबून हे बघतो आणि भाग संपतो. पुढचे साठ-सत्तर भाग तो अपमान फेडण्यात जातात. माझा धंदाच हिशेबाचा, त्यामुळे मला ही गोष्ट खतावणीसारखी दिसते. प्रत्येक टोमणा कोणाच्या तरी नावे पडतो, आणि दहा भागांनी म्हणा, वीस भागांनी म्हणा, तो वसूल होतोच. शेवटी बाकी शून्य. खऱ्या नोकरीत ही खाती वर्षानुवर्षं तशीच पुढे ओढली जातात. अशी वसुली घराच्या गोष्टीत दाखवणं अवघड असतं, कारण सासू किंवा जाऊबाई यांच्यावर कोणी 'वरचा' नसतो. ऑफिसात असतो. त्याच्या एका वाक्याने सगळ्यांची तोंडं बंद होतात.

माझंच सांगते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा मी दुसऱ्या एका कंपनीत होते. जुन्या करांचं शिल्लक क्रेडिट नव्या करात ओढून घ्यायचं होतं, त्यासाठी ट्रान-१ फॉर्म भरायचा होता आणि त्याआधी एकेका पुरवठादाराचं बिल जुळवून बघायचं होतं. तीन आठवडे मी रात्री साडेनऊपर्यंत बसले. मग मीटिंग झाली. माझ्या साहेबांनी माझीच एक्सेल शीट पडद्यावर लावली आणि 'मी असं बसवलंय' म्हणून मालकांना समजावून सांगितली. मी तिथेच, तीन खुर्च्या सोडून बसले होते. शीट संपल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना चहा सांगता का?" मी उठले आणि चहा सांगितला.

घरी आल्यावर कोणालाच काही बोलले नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असंच वाटेना. शिवीगाळ नव्हती, पगार कापला नव्हता. चहा तर सांगितला होता!

गेल्या वर्षी एका चिनी मालिकेच्या हिंदी डबिंगमध्ये एक प्रसंग आला. नायिकेचं प्रेझेंटेशन दुसऱ्या एकीने चोरून स्वतःचं म्हणून मांडलेलं असतं. मालक फक्त विचारतो, "हा आकडा कुठून आला?" मांडणारीला सांगता येत नाही. मागच्या रांगेतून नायिका उठून आकडा कसा आला ते सांगते. तो तिला नाव विचारतो आणि म्हणतो, "पुढचं या मांडतील." संपला भाग. त्यात हात धरणं नाही, पाऊस नाही, प्रेमाचा शब्द नाही. गाडी मुलुंड सोडत होती आणि माझे डोळे भरून आले होते. भाग तेविसावा. तो मी अजूनही मधूनच लावते.

म्हणून माझं मत असं की या गोष्टींमध्ये प्रेम हे मानाचं रूप घेऊन येतं. ज्याच्या हातात तुमचं काम मोजायची सत्ता आहे, तोच तुमच्याकडे बघतो, तुमचं नाव लक्षात ठेवतो, तुम्ही दुपारी जेवला नाहीत हेही त्याला कळतं. नोकरी करणाऱ्या बाईला दिवसभर कामाबद्दल विचारलं जातं, 'झालं का?' एवढंच. 'कसं केलंत?' असं क्वचित कोणी विचारतं. वहिनींच्या मनात दुसरा नवरा नाही, तेव्हा ती काळजी सोडा.

आता हे सगळं याच मालिकांमध्ये का जमतं, तेही बघण्यासारखं आहे. भाग असतो मिनिट-दीड मिनिटाचा. त्यात पात्राची ओळख करून द्यायला वेळ कुठला? ऑफिस ती ओळख आयती देतं. गळ्यात आयकार्ड म्हणजे ही साधी कर्मचारी, काचेची केबिन म्हणजे तो साहेब. कोण कोणाला बोलू शकतं आणि कोणी गप्प बसायचं, हे दोन सेकंदांत कळतं. आणि उभ्या चौकटीत मावतो तो चेहरा. समुद्र, बाग, डोंगर यांना आडवा पडदा लागतो. उभ्या पडद्यावर डोळे, ओठ, बसलेली ती आणि टेबलापाशी उभा तो, एवढंच नीट दिसतं. लिफ्ट तर या मालिकांसाठीच बांधल्यासारखी आहे: उंच, अरुंद, दोन माणसांपुरती, आणि दार कधी उघडेल याचा भरवसा नाही. शिवाय हे सगळं हातभर अंतरावर, तळहातात. व्हिडिओ कॉलवर आपलं माणूस दिसतं तेवढ्याच जवळ तो चेहरा असतो. खर्चाचं गणितही आहेच. भाड्याने घेतलेला एक मजला, एक पार्किंग आणि दोन केबिन यांत अख्खी मालिका आठ-दहा दिवसांत उरकता येते.

या साच्याचं माहेर चीन. तिथल्या वेब-कादंबऱ्यांमध्ये 'बादाओ त्सोंगत्साय', म्हणजे हुकूम गाजवणारा कंपनीप्रमुख, हे ठरलेलं पात्र आहे. तिथूनच तो मोबाइलच्या मालिकांत आला. हेंगदियान हे तिथलं प्रचंड मोठं चित्रनगर. त्याच्या नावातल्या 'हेंग'चा अर्थ आडवा. आता तिथे उभ्या मालिकांचं चित्रीकरण इतकं चालतं की लोक त्याला 'शूदियान' म्हणायला लागले, 'शू' म्हणजे उभा. २०२४ मध्ये चीनमधल्या या धंद्याची उलाढाल ५० अब्ज युआनच्या वर गेली, तिथल्या थिएटरांच्या तिकीटविक्रीपेक्षा जास्त. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारच्या प्रसारण विभागाने या 'हुकूमशहा मालक' छापाच्या मालिकांना तंबी दिली: श्रीमंतीचा बडेजाव नको, नावात तो शब्द घालून प्रेक्षक ओढू नका, अशा मालिकांची संख्याही आवरा.

मला त्या देशाबद्दल आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे '९९६' म्हणून कामाची पद्धत गाजली: सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला ती बेकायदा आहे असं स्पष्ट सांगावं लागलं. बारा तास ऑफिसात घालवणाऱ्या माणसांच्या देशात स्वप्नंही ऑफिसातलीच पडणार. आपल्याकडे त्याच गोष्टी डब होऊन आल्या, मग कुकू टीव्ही, क्विक टीव्ही यांसारख्या अ‍ॅपवर हिंदीत नव्याने तयार होऊ लागल्या, आणि परक्या वाटल्या नाहीत.

मराठी प्रेक्षकाला तर हा साचा ओळखीचाच होता. २०१८ च्या 'तुला पाहते रे'मध्ये उद्योगपती विक्रांत सरंजामे आणि चाळीत वाढलेली ईशा होती. २०२१ च्या 'माझी तुझी रेशीमगाठ'मध्ये यश आपण मालक आहोत हे लपवून नेहाच्या ऑफिसात साधा कर्मचारी म्हणून वावरत होता. मालकाने ओळख लपवून कामगारांत बसायचं, ही तर उभ्या मालिकांची आवडती युक्ती. फरक पुढे पडतो. आपल्या टीव्हीवर गोष्ट लग्नापर्यंत आली की ऑफिस मागे पडतं आणि स्वयंपाकघर सुरू होतं. मला ते नेहमी खटकायचं. ज्या मुलीचं काम बघून तो तिच्याकडे ओढला गेला, तिचं काम नंतर कुठे जातं? या छोट्या मालिकांत श्रीमंत सासू असते, ठरलेली होणारी सूनही असते, पण शेवटचा हिशेब पुष्कळदा संचालकांच्या बैठकीतच होतो. सगळे भाग जोडले तर दीड-दोन तासांचा एक सिनेमा. ताणायला जागा नाही म्हणून तिची नोकरी शाबूत राहते.

एका गोष्टीबद्दल मात्र मला बोललंच पाहिजे. सध्याच्या कंपनीत मी अंतर्गत समितीवर आहे. १० किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अशी समिती लागते. अध्यक्ष बाई असावी लागते, निम्म्या तरी सदस्य बायका असाव्या लागतात, एक सदस्य कंपनीबाहेरची व्यक्ती असते. आमच्यापुढे काय आलं ते मी सांगणार नाही, कायद्यानेच ते गुप्त ठेवायचं असतं. एवढंच सांगते की मालिकेत मनगट धरून ओढणारा, दार अडवून उभा राहणारा, रात्री अकराला 'लगेच ये' म्हणणारा नायक बघताना माझ्या पोटात गोळा येतो, कारण हीच वाक्यं तक्रारअर्जाच्या कागदावर कशी दिसतात हे मला माहीत आहे.

तरी मी बघते, आणि हे कसं जमतं याचा मी बराच विचार केलाय. मालिकेत त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला दुसऱ्या-तिसऱ्या भागातच दाखवलेलं असतं. तो एकटा असताना तिचा फोटो बघतो, तिच्यासाठी भांडतो, तेही कॅमेरा आपल्याला दाखवतो. त्याच्या हेतूची खात्री आधीच हातात असते, म्हणून त्याचा अरेरावीपणा सुरक्षित वाटतो. खऱ्या ऑफिसात साहेबाच्या मनात काय आहे ते कोणता कॅमेरा दाखवणार? तिथे 'नाही' म्हटलं तर अप्रेझलला काय होईल, याचीच धास्ती असते. पन्नाशीकडे आलेल्या बाईला हा फरक कळतो. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, पुढच्या वर्षी इंटर्नशिपला जाईल. तिच्याशी मी याबद्दल उघडपणे बोलते, मालिका समोर लावून बोलते. "हा भाग आवडला ना? मलाही आवडला. आता सांग, त्याने हे तिच्या मनाविरुद्ध केलं असतं तर तू कोणाकडे गेली असतीस?" असं. तिने या कायद्याआधीच्या, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या १९९७ च्या विशाखा निकालाबद्दलही मला विचारलं आणि मग आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. मालिका नसती तर हे बोलणं निघालं नसतं.

पैशांचं एक सांगून ठेवते. पहिले आठ-दहा भाग फुकट असतात आणि ऐन वेळी कुलूप लागतं. मग 'कॉइन' घ्या, नाहीतर अगदी थोड्या रुपयांत चाचणीचे दिवस घ्या. त्या थोड्या रुपयांबरोबर यूपीआयची ऑटोपे परवानगी दिली जाते आणि मुदत संपली की मोठी रक्कम आपोआप वळती होते. माझी तशी एकदा गेली. वहिनींच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असेल, ती दोघांनी मिळून एकदा बघा. नको असलेली परवानगी तिथूनच रद्द करता येते.

आणि तुमचा मूळ प्रश्न, त्यांना काय कमी पडतंय. मी त्यांना ओळखत नाही, त्यामुळे माझं उत्तर माझ्यावरूनच आहे. मार्चअखेरीला पतसंस्थेत त्यांना किती वाजेपर्यंत बसावं लागतं हे तुम्हाला ठाऊक असेलच. तो ताळेबंद कोण जुळवतं आणि वार्षिक सभेत उभं राहून तो कोण वाचून दाखवतं, हे एकदा त्यांना विचारा.