कार्बनच्या बॉनेटची उतरलेली चमक

प्रश्न : माझ्या जुन्या हॅचबॅकला आधीच्या मालकाने कार्बन फायबरचं बॉनेट बसवून घेतलं होतं. गाडी घरासमोर उघड्यावरच असते. बॉनेटवर पिवळट झाक आली आहे, मधोमध तळहाताएवढा क्लिअरचा (वरच्या पारदर्शक थराचा) पापुद्रा सुटलाय आणि तिथे हाताला खरखरीत लागतं. इथले पेंटर म्हणतात, पुट्टी भरून काळा रंग मारून टाकू. पण कार्बनची वीण दिसावी म्हणून तर ते बॉनेट आहे! काही करता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : करता येईल. काळा रंग मात्र मारू देऊ नका. एकदा पुट्टी भरली की ती काढताना वीणही घासली जाते, आणि मग परत फिरायला वाट नाही.

आधी नेमकं काय बिघडलंय ते समजून घ्या. कार्बनच्या धाग्याला उन्हाने काही होत नाही. ऊन बाधतं ते त्या धाग्यांना धरून ठेवणाऱ्या इपॉक्सी रेझिनला. अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळं पडतं, मग त्याची खडूसारखी भुकटी सुटू लागते. म्हणून त्यावर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचं, पॉलियुरेथेन क्लिअर मारतात. त्यातली अतिनीलरोधक द्रव्यं ऊन अडवतात. बाजारातल्या स्वस्त बॉनेटवर हा थर पातळ असतो, कधी कधी तर नुसतं चकचकीत रेझिनच. तुमच्या बॉनेटवर क्लिअर संपलं आणि उन्हाने खालच्या रेझिनला हात घातला, असं वर्णनावरून दिसतं.

काम सुरू करण्याआधी बॉनेट उघडून खालची बाजू बघा. तिथेही काळी वीण असेल तर ठीक. पांढरट-पिवळट काचेचं फायबर दिसलं किंवा खालून सगळा काळा रंग मारलेला असला, तर बहुधा ते मुळात फायबरग्लासचं बॉनेट आहे आणि वर कार्बनचा एकच पातळ थर शोभेला लावलाय. माझ्याकडे येणाऱ्या बॉनेटांत अशीच जास्त असतात. त्यात वाईट काही नाही, पण वरचा तो एक थर घासून गेला की खाली कार्बनच नाही. म्हणजे तुमच्या हातात फार थोडी जाडी आहे.

ती जाडी मोजायला पेंटरकडचं नेहमीचं मीटर चालत नाही. ते पत्र्यासाठी असतं, कार्बनवर त्याचं रीडिंग धरू नका. इथे मोजमाप एकच: पाण्याचा रंग. वॉटर पेपरने घासताना खाली जे पाणी ओघळतं ते दुधासारखं पांढरं असेल, तर तुम्ही अजून क्लिअरमध्ये आहात. पिवळट झालं की रेझिन. पाण्यात राखाडी-काळी झाक दिसली, त्या क्षणी हात थांबवा. तो कार्बन आहे. स्पंज वरचेवर पिळून पांढऱ्या फडक्यावर पाणी बघत राहा. माझ्या वर्कशॉपमध्ये नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो. मशीन त्याच्या हातात फार नंतर येतं.

सुटलेले पापुद्रे प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. हीट गन आणि पेंट रिमूव्हर दोन्ही लांब ठेवा. हाताने थापलेल्या साध्या रेझिनच्या बॉनेटला साठ-सत्तर अंशांतच नरमाई येऊ शकते, आणि रिमूव्हर क्लिअरबरोबर खालचं रेझिनही खातो. मग लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून सगळं बॉनेट सारखं घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली चर पडतात. कडा आणि मधल्या उंचवट्याच्या रेषांवर आधी मास्किंग टेप लावा, कारण क्लिअर सगळ्यात पातळ तिथेच असतं. त्या शेवटी ८०० ने, हलक्या हाताने. मास्क आणि हातमोजे घाला. कार्बनची कुसळं त्वचेत शिरली तर दोन दिवस खाज जात नाही.

पिवळेपणा वरवरचा असेल तर इतक्यातच निघतो. पाणी काळपट होऊनही पिवळं उरलं, तर ते खोलवर गेलंय. ते तसंच राहू द्या. ते काढायच्या नादात लोक वीण फोडतात.

खरखरीत भागात धागे उघडे पडले असतील, तर तिथे थेट क्लिअर मारू नका, ते धाग्यांच्या फटींत बसून जातं. आधी पारदर्शक इपॉक्सी रेझिनचे पातळ हात द्या. ते पूर्ण वाळायला काही दिवस द्या, वर तेलकट-मेणचट साय आली असेल तर ती साध्या पाण्याने धुऊन काढा, आणि मग सगळं ६००-८०० ने एकसारखं मॅट करा. ही साय राहिली तर वरचं क्लिअर धरत नाही. पुन्हा पापुद्रे सुटलेली कामं माझ्याकडे येतात, त्यांत बऱ्याचदा कारण हेच निघतं.

क्लिअर मारण्याचं काम मात्र घरी करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा कापडी मास्क त्याच्यापुढे काहीच नाही. घासण्याचं काम तुम्ही करा, फवारणी बूथ आणि योग्य श्वसनयंत्र असलेल्या पेंटरकडून करून घ्या. त्यांना सांगा: आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, अतिनीलरोधक असलेल्या क्लिअरचे तीन कोट, दोन कोटांमध्ये दहा-पंधरा मिनिटं, मिश्रणाचं प्रमाण डब्यावर असेल तेच. घाईसाठी जादा थिनर नको. काही दिवसांनी १५००, २०००, ३००० चा पेपर आणि फोमच्या पॅडवर कंपाउंड (चमक आणणारी पेस्ट).

तुमच्याकडे पावसाळ्यात हे काम काढूच नका, दमट हवेत क्लिअरवर पांढुरकी छटा येते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की करा. आणि कामासाठी बॉनेट उतरवलंत तर बिजागरीचे बोल्ट बघून घ्या. कार्बन वीजवाहक आहे. खारट दमट हवेत त्याला टेकलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियम लवकर गंजतं. नायलॉनचे वॉशर घातले की स्पर्श तुटतो.

प्रश्न : कार्बन बॉनेटवर रुपयाएवढा पांढुरका डाग आहे. वरून गुळगुळीत लागतो, पण दोनदा पॉलिश करूनही जात नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पॉलिश बंद करा. डाग पृष्ठभागाच्या खाली आहे, तुम्ही वरचं चांगलं क्लिअर उगाच पातळ करताय. एक नाणं घ्या आणि डागाभोवती हलके टिचक्या मारत आत या. चांगल्या जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. डागावरही तोच आला, तर क्लिअर तेवढ्यापुरतं सुटून आत हवा शिरली आहे. तो भाग घासून पुन्हा क्लिअर मारला की डाग जाईल. आवाज बद्द आला तर कापडाचे थर एकमेकांपासून सुटलेत. मग हे काम पेंटरचं नाही, फायबरचं काम करणाऱ्याचं आहे. आणि तोवर हायवेवर वेगाने गाडी चालवू नका. त्याच वेळी बॉनेटचा लॅच ज्या जागी बसतो तिथेही नाणं वाजवून बघा, तिथे बद्द आवाज आला तर बॉनेट दुरुस्तीपर्यंत गाडी बाहेरच काढू नका.

प्रश्न : नव्या कार्बन बॉनेटवर सिरॅमिक कोटिंग केलं तर क्लिअर टिकेल ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : धुवायला सोपं जाईल, चिखल चिकटणार नाही. उन्हापासून वाचवायची जबाबदारी मात्र त्या पातळ थरावर टाकू नका. खर्च करायचाच असेल तर अतिनीलरोधक पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लावा, खडीचे टिचकेही त्यावर झेलले जातात. नाहीतर सावलीत लावा, किंवा निदान बॉनेट झाकेल असं कव्हर घ्या. गाडी पुसून, धूळ नसताना घाला, नाहीतर कव्हरच चरे पाडतं.