आईला दिसत नाही, ते देवाला दिसते का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे घरातल्या देवाविषयी, म्हणजे मुलांच्या तोंडून घरात येणाऱ्या देवाविषयी आहेत. त्यांतली पाच पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे लिहीत आहे. घर कोणत्याही धर्माचे असो, प्रार्थनेचे शब्द कोणतेही असोत, मुलांचे प्रश्न मात्र आश्चर्य वाटावे इतके सारखे असतात.

प्रश्न : ताई, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. रात्री झोपण्यापूर्वी आम्ही लहानशी प्रार्थना म्हणतो आणि ती संपली की त्याची प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. देव अंघोळ करतो का? देवाची आई कोण? मी गादीखाली लपवलेले खडू त्याला दिसतात का, आणि दिसत असतील तर तो तुला सांगतो का? सासूबाई म्हणतात, "देव सगळे बघत असतो, असे त्याला बजावून सांग, म्हणजे मस्ती कमी करील." असे सांगणे योग्य आहे का?

उत्तर : तुमच्या मुलाचा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. देवाला खडू दिसतात, हे त्याने मनोमन मान्य केलेले आहे. त्याला चिंता आहे ती देव आणि आई यांच्यात बोलणे होते की काय, याची! या वयात मुलाच्या मनात एक मोठी घडामोड चालू असते आणि हा प्रश्न नेमका तिथूनच आलेला आहे.

लहान मूल आधी आईवडिलांनाच सर्वज्ञ समजते आणि त्यांनाही काही गोष्टी कळत नाहीत हे ध्यानात आल्यावर ते सर्वज्ञपण देवाला देते, असा विचार स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मांडला होता. पुढे 2001 मध्ये मानसशास्त्रज्ञ जस्टिन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा, पण मोठा गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना बिस्किटांचा डबा दाखवला, तो उघडल्यावर आत निघाले खडे! मग डबा बंद करून मुलांना विचारले, की तुझ्या आईने हा बंद डबा पाहिला, तर आत काय आहे असे तिला वाटेल, आणि देवाला काय वाटेल? तीन-चार वर्षांची बहुतेक मुले म्हणाली, की आत खडे आहेत हे आईला कळेल आणि देवालाही कळेल. पाच-सहा वर्षांची मुले मात्र म्हणू लागली, की आई फसेल, ती बिस्किटे म्हणेल, पण देव फसणार नाही. आपले सर्वज्ञपद आपण असे एखाद्या वाढदिवसाच्या आसपास नकळत गमावून बसतो, आणि मला विचाराल तर ते जाते हेच बरे, कारण सगळे जाणण्याची जबाबदारी कोणत्याही आईला पेलणारी नाही.

आता सासूबाईंच्या सूचनेविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु देवाला घरातला पहारेकरी करू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्या देवाचे नाव फक्त खोडी सापडल्यावर निघते, त्या देवाशी मूल मोकळेपणाने बोलणार कसे? शिवाय मूल हुशार असते. खोडी करूनही आकाश कोसळले नाही, असा अनुभव त्याला दोन-चार वेळा आला, की धाकही जातो आणि धाकाबरोबर विश्वासही जातो. "देव बघतो" हे वाक्य मात्र आपण टाकून देऊ नये, ते वेगळ्या वेळी वापरावे. कुणी सांगितले नसताना त्याने धाकट्या बहिणीला स्वतःची जागा दिली, किंवा अंधाऱ्या खोलीत जायला तो घाबरला, तेव्हा ते वाक्य जरूर म्हणावे. शब्द तेच राहतात, पण त्या शब्दांनी मुलाला धीर येतो.

राहिले अंघोळीचे. मुलांना प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी हेतू दिसतो. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टोकदार खडक टोकदार का असतात असे विचारल्यावर, प्राण्यांना खाज सुटली की अंग घासता यावे म्हणून, हे स्पष्टीकरण शाळकरी मुलांना पटत होते. अशा मनाला आपण तत्त्वज्ञान सांगायला बसलो, तर ते मूल झोपेल किंवा आपण झोपू. "मला माहीत नाही, तुला काय वाटते?" एवढे म्हणावे आणि खरोखर कान देऊन ऐकावे. माझ्या धाकट्या मुलीने याच प्रश्नावर सांगितले होते, की देव पावसातच अंघोळ उरकतो, म्हणून त्याला वेगळे पाणी तापवावे लागत नाही. या उत्तरात मी काहीही दुरुस्ती केली नाही. आपल्या श्रद्धेत जे निश्चित आहे तेवढे निश्चितपणे सांगावे, आणि जे आपल्यालाच ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव आणू नये. पुढे मोठेपणी अवघड प्रश्न घेऊन मूल आपल्याकडे परत यावे, असे वाटत असेल, तर त्याची तयारी या वयातच होते.

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी प्रार्थनेत उद्याची शुद्धलेखनाची चाचणी रद्द व्हावी आणि भावाच्या जागी मांजर मिळावे, अशा मागण्या करते. तिला थांबवावे का?

उत्तर : मुळीच थांबवू नका. मनात जे आहे तेच ती देवापुढे मांडते आहे, आणि प्रार्थनेतला हा खरेपणा मोठ्यांना पुष्कळ प्रयत्नांनी मिळवावा लागतो. तिची मागणी पुरी होणार नाही, हे चाचणीच्या दिवशी तिला आपोआप कळेल. त्या दिवशी तिने "देवाने ऐकले नाही" असे म्हटले, तर ऐकणे आणि मागितलेले देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच सांगा. तुम्हीही तिच्या सगळ्या मागण्या ऐकता आणि त्यांतल्या थोड्याच पुऱ्या करता, हे तिला चांगले ठाऊक आहे. तिचा भाऊ मोठा असेल आणि मांजराविषयी ऐकून रुसला असेल, तर त्याच्यासाठीही एक वाक्य म्हणायला तिला सांगता येईल, पण जबरदस्तीने नको.

प्रश्न : मला दोन लहान मुले आहेत, नोकरी आहे आणि घरी वृद्ध सासरे आहेत. लग्नापूर्वी मी रोज सकाळी अर्धा तास शांत बसून प्रार्थना करीत असे. आता डोळे मिटले की धुण्याचे कपडे, हरवलेला मोजा आणि राहिलेली सही आठवते. माझी श्रद्धा कमी झाली आहे का?

उत्तर : तुमची श्रद्धा कमी झालेली नाही, तुमचा अर्धा तास गेलेला आहे. या दोन गोष्टी एकच मानल्या, तर जगातल्या बहुतेक आया नास्तिक ठरतील.

शांत अर्धा तास ही भक्तीची एक रीत आहे, ती एकमेव रीत कधीच नव्हती. आपल्या जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्यासोबत दळू लागतो, त्यांच्या कामाला हात लावतो. काम संपवून ये, मग भेटू, असे तो म्हणत नाही. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधक अनेक वर्षे स्वयंपाकघरात राबत होते. भांड्यांच्या खडखडाटात, अनेक माणसे एकाच वेळी निरनिराळ्या वस्तू मागत असतानाही, प्रार्थनेला बसल्यावर लाभते तीच शांती मला तिथे लाभते, असे ते सांगत. एक स्त्री जात्यावर आणि एक पुरुष चुलीपाशी, दोघांमध्ये शतकांचे आणि समुद्रांचे अंतर, आणि दोघांनाही देव कामाच्या ठिकाणीच भेटला, ही गोष्ट मला नेहमी मोठा आधार देते.

तरीही एकांत हवासा वाटतो, हे मी जाणते आणि तो मागण्यात स्वार्थ नाही. इंग्लंडमधल्या सुझॅना वेस्ली (1669 ते 1742) यांना एकोणीस मुले झाली, त्यांतली अनेक तान्हेपणीच गेली. एवढ्या गलबल्यात त्या डोक्यावरून अ‍ॅप्रन ओढून घेत आणि आई प्रार्थना करीत आहे, आता तिला हाक मारायची नाही, हे मुलांना समजत असे, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. मला त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. 1712 मध्ये पतीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितले आहे, की रोज संध्याकाळी एकेका मुलाशी त्या एकटीने बोलत. आठवड्यातला प्रत्येक वार कुणाचा हे ठरलेले होते आणि गुरुवार होता जॉनचा, जो पुढे ख्रिस्ती धर्मातल्या मेथॉडिस्ट चळवळीचा प्रवर्तक झाला. घरात एवढी मुले असताना प्रत्येकाला आईचा स्वतःचा असा वेळ ठरवून देणे, याला मी प्रार्थनाच म्हणेन.

तुम्हाला माझे सांगणे एवढेच, की हरवलेला मोजा मनात आला, तर त्याला हाकलण्यात शक्ती घालवू नका. तो ज्याचा आहे त्या मुलाचे नाव घ्या, त्याच्यासाठी एक वाक्य मनात म्हणा आणि पुढे जा. मग सासऱ्यांच्या औषधाची वेळ आठवेल, तेव्हा त्यांचे नाव घ्या. अशी दोन मिनिटांत घरातली सगळी माणसे देवापुढे येऊन जातात. आणि आठवड्यातून एकदा मुलांना पतीच्या स्वाधीन करून दार लावून स्वस्थ बसा. हे हक्काने मागावे, संकोच करू नये.

प्रश्न : आमचा पंधरा वर्षांचा मुलगा आता प्रार्थनेला बसत नाही. "मला हे पटत नाही आणि न पटलेले करणे म्हणजे ढोंग," असे म्हणतो. त्याचे वडील संतापतात, रोज वाद होतो आणि प्रार्थनेची वेळ हीच घरातली सर्वांत अशांत वेळ झाली आहे. काय करावे?

उत्तर : ढोंग करायचे नाही, असे तुमचा मुलगा म्हणतो, ही तुमच्या संस्कारांना आलेली चांगली फळे आहेत, असे मी अगदी मनापासून म्हणते. श्रद्धेच्या वाढीचे टप्पे मांडणारे अभ्यासक जेम्स फाउलर यांनी 1981 मध्ये लिहिले, की किशोरवयात माणूस सहसा आपल्या भोवतालच्यांची श्रद्धा स्वीकारून चालतो आणि पुढे केव्हातरी ती स्वतः तपासून आपलीशी करतो किंवा बाजूला ठेवतो. काहींचे तपासणे लवकर सुरू होते, तुमच्याकडे ते सुरू झालेले दिसते.

वडिलांसाठी मात्र मला थोडे अधिक लिहायचे आहे, आणि हे उत्तर त्यांनी वाचावे, अशी माझी विनंती आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंगट्सन यांनी 1970 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील तीनशेहून अधिक कुटुंबांचा अभ्यास सुरू केला आणि तो अनेक दशके, पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवला. आईवडिलांची श्रद्धा मुलांपर्यंत कशी पोहोचते, हा त्यातला एक मोठा विषय होता. त्यांना असे दिसले, की आईवडील स्वतः किती धार्मिक आहेत याबरोबरच मुलांशी त्यांचे नाते किती जिव्हाळ्याचे आहे, याला फार महत्त्व आहे, आणि विशेषतः वडिलांशी असलेल्या जवळिकीला. वडील श्रद्धाळू, पण दूरचे आणि कठोर वाटत असतील, तर श्रद्धेचा वारसा पुढे जाताना अडखळतो. म्हणजे रोज संध्याकाळी होणारा वाद ज्या गोष्टीच्या रक्षणासाठी चालला आहे, तिचेच त्याने नुकसान होते.

म्हणून काही काळ सक्ती थांबवावी. तुम्ही दोघांनी आपली प्रार्थना नेहमीच्या वेळी, मोठ्याने आणि आनंदाने चालू ठेवावी. मुलाला दोनच गोष्टी सांगाव्यात. त्या वेळी घरात शांतता राखायची, आणि तुला काय पटत नाही ते आम्हाला कधीही सांगायचे, आम्ही रागावणार नाही. दुसरी गोष्ट पाळणे पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण तो खरोखर सांगेल आणि त्याचे काही मुद्दे बिनतोड असतील. दुःख का आहे, चांगल्या माणसांच्या वाट्याला ते का येते, हे प्रश्न तुमच्या मुलाच्या आधी मोठमोठ्या भक्तांनी देवालाच विचारलेले आहेत, आणि त्यांच्या वचनांत देवाशी झालेली भांडणेही जपून ठेवलेली आहेत. तेवढे त्याला जरूर दाखवा. शंका घेणारा माणूस या घरातून बाहेर पडलेला नसतो, हे त्याला तुमच्याकडून कळले पाहिजे.

आणि तो वडिलांबरोबर सायकल दुरुस्त करीत असेल किंवा खेळ पाहत असेल, तर त्या वेळी प्रार्थनेचा विषय कुणीही काढू नये.

प्रश्न : माझे पती देव मानत नाहीत, मी मानते, आणि आमचे याबद्दल कधी भांडण नाही. पण आता मुलगी विचारते, "बाबा प्रार्थनेला का बसत नाहीत? देव त्यांच्यावर रागावला आहे का?" मी काय सांगू?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही द्या आणि ते लगेच, निःसंदिग्धपणे द्या. देव बाबांवर रागावलेला नाही. ही भीती तिच्या मनात एक रात्रही राहता कामा नये, कारण तिला वाटणारी काळजी देवाविषयी नाही, बाबांविषयी आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र बाबांना देऊ द्या. तुम्ही त्यांच्या वतीने बोललात, तर कितीही जपून बोललात तरी मुलीला ती तक्रार वाटेल किंवा सारवासारव वाटेल. ते सांगतील की मला असे वाटते, तुझ्या आईला तसे वाटते, आणि आम्ही दोघे खरे बोलतो. तुम्ही त्या वेळी शेजारी बसून राहा, मध्ये काही बोलू नका. नंतर तिने तुम्हाला विचारले, की मग बरोबर कोण, तर तुम्ही काय मानता आणि का मानता, ते तुमच्या शब्दांत सांगा, पण बाबा चुकतात हे वाक्य त्यात नसावे. आणि प्रार्थनेत तिला बाबांचे नाव घ्यायचे असेल, तर खुशाल घेऊ द्या. तुमच्या पतींची याला हरकत असेल, असे तुमच्या पत्रावरून मला मुळीच वाटत नाही.