४५ मुलांचा वर्ग ओरडल्याशिवाय शांत होत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सातवीच्या वर्गाला गप्प करण्यातच तासाची पहिली दहा मिनिटं जातात आणि फळ्याकडे पाठ वळली की पुन्हा गलका सुरू होतो. शिक्षा कडक करावी का, असंही विचारलंय. शिक्षेचं नंतर बघू. गोंधळाची सुरुवात बहुतेक वेळा एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या वेळेत होते: मुलं आत येताना, वह्या काढताना, गट पाडताना, किंवा ज्यांचं लवकर संपलं त्यांना पुढं काही काम नसताना. जेकब कूनिन या मानसशास्त्रज्ञाने वर्गांची चित्रीकरणं तपासून १९७० मध्ये हेच मांडलं. गैरवर्तन झाल्यावर शिक्षक कसा रागावतो यावरून वर्ग चांगला की गोंधळी हे ठरत नाही; ते घडूच नये म्हणून तो आधी काय करतो, यावरून ठरतं.

म्हणून तासाची सुरुवात आधी दुरुस्त करा. मुलं बसायच्या आत फळ्यावर तीन-चार छोटे प्रश्न लिहिलेले हवेत, कालच्या भागावरचे, कुणालाही न विचारता पाच मिनिटांत वहीत सुटतील असे. प्रश्न अवघड टाकलात तर ‘सर, हे कळलं नाही’ सुरू होतं आणि बेत फसतो. हजेरी पुकारून घेऊ नका. ४५ नावं पुकारायला तीनेक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ बाकीचे मोकळे असतात. मुलं लिहीत असताना बाकांवर नजर टाकून मांडा.

आता सूचना. सगळ्यात जास्त वेळ इथं वाया जातो. ‘वह्या काढा आणि...’ एवढं कानावर पडताच दप्तरं उघडतात आणि पुढचं वाक्य आवाजात बुडतं. मग ‘कितवं पान?’ हाच प्रश्न आठ जणांकडून येतो. क्रम उलटा ठेवा. आधी हात थांबलेले आणि नजर तुमच्याकडे. मग काय करायचं, किती मिनिटांत, एकट्याने की जोडीने, आणि झाल्यावर पुढं काय. हे शेवटचं हटकून राहून जातं, आणि हुशार मुलांचा दंगा तिथूनच सुरू होतो. पान आणि उदाहरणांचे क्रमांक फळ्यावर लिहा. एका मुलाकडून सूचना परत वदवून घ्या आणि मगच ‘सुरू करा’ म्हणा. एका वेळी तीनपेक्षा जास्त पायऱ्या सांगू नका.

सूचना देताना कुजबुज झाली तर आवाज चढवू नका, वाक्य अर्ध्यावर थांबवा. चार-पाच सेकंद नुसतं बघा आणि तेच वाक्य पहिल्यापासून, जरा हळू म्हणा. गोंगाटावर आवाज चढवून बोललं की मुलं शिकतात की सर ओरडेपर्यंत ऐकायची गरज नाही. प्रश्न विचारताना नाव शेवटी घ्या: प्रश्न, तीन सेकंद शांतता, मग नाव. नाव आधी घेतलंत की उरलेले ४४ सुटले.

फळ्यावर लिहिताना पूर्ण पाठ फिरवू नका, तिरके उभे राहा. लांबलचक मजकूर तासाआधीच लिहून ठेवा. उत्तर देणाऱ्या मुलाजवळ जाण्याची सवय सोडा. उलट थोडं लांब सरका, म्हणजे तो मोठ्याने बोलेल आणि मधला वर्ग तुमच्या नजरेत राहील.

एवढं करूनही कुणीतरी बोलणारच. समजा, उदाहरण चालू असताना रोहन मागे वळून गप्पा मारतोय. शिकवणं न थांबवता त्याच्याकडे बघा. नाही जमलं तर बोलत बोलत त्याच्या बाकाशी जा आणि वहीवर बोट ठेवा. तरीही नाही, तर वाकून, शेजाऱ्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू सांगा: ‘रोहन, तिसरी पायरी उतरव.’ आणि तिथून निघून जा. हे निघून जाणं फार महत्त्वाचं आहे. तुम्ही डोक्याशी उभे राहिलात तर ऐकणं म्हणजे मित्रांसमोर हार, आणि त्या वयात ती कुणाला परवडत नाही. दहा-पंधरा सेकंदांनी लांबून नजर टाका. त्याने तोंड वाकडं केलं, पुटपुटला, तरी पेन हातात घेतलं असेल तर बाकीचं सोडून द्या. ‘का बोलतोयस?’ हा प्रश्न विचारूच नका; ‘सर, तोच आधी बोलला’ हे उत्तर तयारच असतं आणि वाद ४५ जणांसमोर रंगतो. ऐकलंच नाही तर तास संपल्यावर दोन मिनिटं थांबवून एकट्याशी बोला. थांबवीन म्हणालात तर थांबवाच. परिणाम छोटा असला तरी चालतो, पण तो चुकता कामा नये.

शिक्षेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मार तर नाहीच, पण सगळ्या वर्गाला शिक्षाही नको, त्याने तुमच्या बाजूची मुलंही हातची जातात. शंभर वेळा लिहायला लावलंत तर लिहिण्याचाच तिटकारा येतो. आणि ज्याला तास टाळायचाच आहे त्याला वर्गाबाहेर काढणं म्हणजे बक्षीसच.

नियम तीन-चार पुरेत, आणि डोळ्यांना दिसेल अशा कृतीचे. ‘शिस्तीत राहा’ हा नियम नाही, ‘दुसरा बोलत असताना हात वर करून थांबा’ हा आहे. जागा तुम्हीच ठरवा. खोडकर मुलाला पहिल्या बाकावर आणायची पद्धत आहे खरी, पण तिथं त्याला अख्खा वर्ग प्रेक्षक म्हणून मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेची, तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवरची कडेची जागा बरी.

एकच मूल रोज त्रास देत असेल तर दोन आठवडे वहीत तीन रकाने भरा: आधी काय चालू होतं, त्याने काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं. दंगा दर वेळी मोठ्याने वाचायची पाळी येण्याआधी होत असेल तर वाचनाची अडचण तपासा. फळ्यावरून उतरवतानाच होत असेल तर डोळे तपासून घ्यायला सांगा. पालकांना बोलावलंत तर ‘फार उद्धट आहे’ असं न म्हणता हीच वही पुढं ठेवा, आणि शक्यतो त्याआधी एकदा चांगलं काही कळवायला फोन झालेला असू द्या.