हडसन सॉफ्ट ही जपानी गेम कंपनी दिवाळखोरीत निघाली होती का?
नाही, हडसन सॉफ्टचे दिवाळे निघाले नव्हते, तर १ मार्च २०१२ रोजी ती कोनामी डिजिटल एंटरटेनमेंट या जपानी गेम कंपनीत विलीन झाली आणि त्यामुळे तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. कुदो बंधूंनी १९७३ मध्ये साप्पोरो येथे स्थापन केलेल्या या कंपनीचा आरंभ हौशी रेडिओच्या साहित्याच्या विक्रीतून झाला (नाव मात्र हडसन प्रकारच्या वाफेच्या इंजिनावरून आले आहे), पुढे ती संगणकाच्या सॉफ्टवेअरकडे वळली, १९८४ मध्ये निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रासाठी गेम काढणारी पहिली बाहेरची कंपनी ठरली आणि १९८७ मध्ये एनईसी या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या साथीने तिने पीसी इंजिन हे गेमयंत्र बाजारात आणले. माझ्या मते तिच्या स्वातंत्र्याला खरा धक्का १९९७ मध्ये बसला, कारण त्या वर्षी तिला कर्जपुरवठा करणारी होक्काइदो ताकुशोकु बँक कोसळली. भांडवलासाठी कंपनीने २००० मध्ये समभाग बाजारात आणले, २००१ मध्ये कोनामी तिची सर्वांत मोठी भागधारक झाली, २००५ मध्ये तिच्याकडे बहुमत गेले आणि एप्रिल २०११ मध्ये संपूर्ण मालकी. मात्र कंपनी संपली म्हणून तिचे सारेच काम संपले, असे नव्हे: तिच्या बॉम्बरमॅन या गेम-मालिकेचे हक्क कोनामीकडे असून २०१७ मध्ये त्या मालिकेतील नवा गेम आला, तर तिच्याकडे निन्टेन्डोसाठी मारिओ पार्टी ही गेम-मालिका घडवणाऱ्यांपैकी अनेक जण निन्टेन्डोच्या एनडी क्यूब या उपकंपनीत गेले.