बौदी म्हणजे वहिनीच का?

प्रश्न असा आहे: बंगाली चित्रपटांच्या मराठी उपशीर्षकांत ‘बौदी’ आणि ‘बौठान’ या दोन्हींसाठी ‘वहिनी’ लिहितात, ते बरोबर आहे का? आणि बंगाली प्रेमकथा या वहिनीभोवतीच का घुटमळते?

नात्यापुरतं बरोबर आहे. थोरल्या भावाची बायको ती बौदी. ‘बउ’ म्हणजे घरची सून आणि ‘दि’ म्हणजे दीदी, म्हणजे एकाच हाकेत परक्या घरून आलेली नवरीही आली आणि थोरली बहीणही. ‘बौठान’ ही जुनी हाक, ‘बउ-ठाकुराणी’चं झिजलेलं रूप. बौठान उलट धाकट्या दिराला ‘ठाकुरपो’ म्हणते. ठाकुर म्हणजे सासरे, पो म्हणजे पुत्र.

खरी गोम दिराच्या शब्दात आहे. आपल्याकडे नवऱ्याचा थोरला भाऊ दीर आणि धाकटाही दीरच. हाक मारताना दोघेही भावजी. बंगालीत मात्र थोरला ‘भाशुर’ आणि धाकटा ‘देओर’. भाशुर हा मुळात भ्रातृश्वशुर, म्हणजे सासऱ्याच्याच पंगतीतला. जुन्या घरांत त्याच्यासमोर पदर ओढायचा, त्याच्याशी बोलायचं नाही. देओरशी मात्र थट्टामस्करी चालायची. आठ-नऊ वर्षांची मुलगी लग्न होऊन अंतःपुरात यायची, नवरा वयाने मोठा आणि बाहेरच्या कामांत बुडालेला. तिच्याशी मोकळेपणी बोलू शकणारा जवळपास तिच्याच वयाचा पुरुष घरात एकच, देओर. बंगाली प्रेमकथेला ही जागा समाजानेच आखून दिली होती, असं मला ठामपणे वाटतं.

कोलकात्यातल्या जोडासांकोच्या ठाकूर घराण्यात, म्हणजे रवींद्रनाथांच्या घरात, हेच दिसतं. कादंबरी देवी 1868 मध्ये रवींद्रनाथांचे थोरले भाऊ ज्योतिरिंद्रनाथ यांची पत्नी म्हणून तिथे आल्या तेव्हा साधारण नऊ वर्षांच्या होत्या आणि रवींद्रनाथ सात वर्षांचे. ज्योतिरिंद्रनाथ ‘नतून दादा’ (नतून म्हणजे नवा), म्हणून त्या ‘नतून बौठान’. रवींद्रनाथांच्या कवितेच्या त्या पहिल्या जाणत्या वाचक. डिसेंबर 1883 मध्ये रवींद्रनाथांचं लग्न झालं आणि एप्रिल 1884 मध्ये कादंबरींनी आयुष्य संपवलं. कारणांबद्दल लोक आजही तावातावाने बोलतात. मला मात्र त्या बाईचं एकटेपण आधी दिसतं.

रवींद्रनाथांच्या 1901 च्या ‘नष्टनीड’ या कथेत चारूचा नवरा भूपती इंग्रजी वर्तमानपत्रात गढलेला असतो आणि त्याचा आतेभाऊ अमल तिला ‘बौठान’ म्हणतो. सत्यजित राय यांनी 1964 मध्ये त्यावरच ‘चारुलता’ केला. तिथे ‘बौठान’च्या जागी ‘वहिनी’ वाचलं की माझा जीव हळहळतो, कारण आपली वहिनी कानाला आईकडे ओढते. 1953 चा ‘वहिनींच्या बांगड्या’ आठवा. त्या चित्रपटातली वहिनी दिराला लेकरासारखं सांभाळते. अमल चारूला मारतो ती हाक त्या कप्प्यात बसत नाही.

म्हणून जुन्या काळच्या कथेत ‘बौठान’ तसंच ठेवावं. एकदा ओळख झाली की मराठी वाचक अडत नाही. ‘ठाकुरपो’ला ‘भावजी’ चालेल. आजच्या कथेतल्या ‘बौदी’ला ‘वहिनी’ म्हणायला हरकत नाही. बंगालीतही शेजारच्या, मित्राच्या बायकोला सर्रास बौदी म्हणतात, आपल्याकडे वहिनी म्हणतात तसंच. फक्त हल्ली स्वस्त वेब मालिकांनी ‘पाड्यातली (म्हणजे आपल्या गल्लीतली) बौदी’ हा शब्दच चावट करून टाकला आहे. ज्या हाकेत ‘दीदी’ आहे तिची अशी गत झालेली पाहून वाईट वाटतं.